अपंगत्वाच्या संशोधनाचा पैसा: एकट्याला की गटाला?

धानोरा तालुक्यातल्या एका गावात ओसरीवर बाज टाकलेली होती. बाजेच्या बरोबर वर मयालीला नायलॉनचा दोर बांधलेला होता, आणि दोराला चार गाठी होत्या. बाजेवरच्या बाईंचा उजवा हात आणि उजवा पाय मिरगाच्या आधी गेला होता. “लकवा मारला जी,” त्यांचे घरधनी म्हणाले. रोवणी तोंडावर आलेली. गडचिरोलीच्या दवाखान्यात चार दिवस काढले, घरी आणलं आणि पाचव्या दिवशी त्यांनी हा दोर बांधला. डाव्या हातानं तो धरून बाई उठून बसायच्या, गाठीवर हात अडकवून तोल सांभाळायच्या. हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं. कुणी नाही. बैल चिखलात बसला की त्याला उठवायला दोर लावतात, तसाच लावला, एवढंच ते म्हणाले.

या दोराचा खरोखर उपयोग होतो का, किती होतो, आणखी काय केलं तर बाई पुन्हा चुलीपर्यंत चालत जातील, याचं संशोधन करायचं ठरवलं तर पैसा कुणाला द्यायचा? गडचिरोलीत पाच वर्षं राहायला तयार असलेल्या एका डॉक्टरला, की देशभरच्या वीस रुग्णालयांच्या गटाला? निधी देणाऱ्या संस्थांमध्ये हा वाद जगभर चालतो. आपल्याकडे त्याची चर्चा दिल्ली-मुंबईच्या समित्यांपुरती राहते. पण दोन्ही पद्धतींचं पीक ज्या मातीत येऊन गेलं आहे अशी जागा चंद्रपूर आणि गडचिरोली हीच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या २८व्या कलमात पुनर्वसनाचं संशोधन व्यक्ती आणि संस्था या दोघांमार्फत करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कायद्यानं दोघांची नावं घेतली. कुणाला किती आणि कशासाठी द्यायचं, हे मात्र आपणच ठरवायचं आहे.

लकव्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याची गोष्ट इथं सर्वांत स्पष्ट दिसते. २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीचा एक अभ्यास छापून आला. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि ‘सर्च’ संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या सुमारे ९४ हजार लोकांमध्ये दोन वर्षांत झालेला प्रत्येक मृत्यू तपासला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, लकव्यानं झाले होते. मृत्यूच्या कारणांत लकवा पहिल्या क्रमांकावर होता. गडचिरोली म्हटलं की हिवताप, कुपोषण, बाळंतपणं एवढंच डोळ्यांसमोर येणाऱ्यांना हा धक्का होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लकव्यानं गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसं घरी गेली होती. रुग्णालयाच्या नोंदीतून लकवा मोजायला बसलेल्याला ही माणसं कधीच दिसली नसती. जी वाचली आणि ओसरीवर पडून राहिली, ती तर त्याहूनही दिसली नसती.

काळकोंडे यांना पुढे वेलकम ट्रस्ट आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या ‘इंडिया अलायन्स’ची फेलोशिप मिळाली. ही व्यक्तीला मिळणाऱ्या अनुदानाची सरळ जात. प्रस्ताव एका माणसाच्या नावानं, पगार त्याचा, प्रश्न त्यानं निवडलेला. गावपातळीच्या कार्यकर्त्यांकडून रक्तदाब आणि मधुमेहावर देखरेख ठेवून लकव्याचे मृत्यू कमी होतात का, हे पाहण्याचं काम गावं चिठ्ठ्या टाकून दोन बाजूंना वाटत त्यातून उभं राहिलं. या उदाहरणावरून एकट्याच्या अनुदानाची बाजू घेणं सोपं आहे. माणूस जिल्ह्यात येऊन राहतो, समोर दिसतं त्यावर प्रश्न रचतो, आणि देशातल्या कुठल्याही मोठ्या समितीच्या मनात नसलेला आजार तिच्या टेबलावर नेऊन ठेवतो.

पण ती ८६ गावं आली कुठून? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि अनुदानांच्या चर्चेत तो जवळजवळ कधीच येत नाही. ‘सर्च’चे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, जिल्हा तेव्हा चार वर्षांचा होता. नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा त्यांचा प्रसिद्ध प्रयोग ३९ गावांत झाला आणि तुलनेला ४७ गावं होती. बेरीज ८६. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली छापलेल्या त्या निबंधात तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं होतं. तो आकडा सांगता आला, कारण गावातला आरोग्यदूत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहीत होता. मोजणी पुढे चालूच राहिली. पंधरा-वीस वर्षांनी एक मेंदूविकारतज्ज्ञ आला, तेव्हा त्याला रिकाम्या जमिनीवर उभं राहावं लागलं नाही. पायाखाली नोंदवही होती.

म्हणजे ज्याला आपण एकट्याचं अनुदान म्हणतो ते एकट्याचं नव्हतंच. पाच वर्षांच्या कुठल्याही फेलोशिपमधून अशी मोजणी उभी राहत नाही. तिला वर्षानुवर्षं गावात टिकणारी माणसं लागतात, त्यांचं मानधन लागतं, पावसाळ्यात पूल बुडाले तरी महिनाअखेरीला कागद यावा लागतो.

नवजात बाळांच्या त्याच प्रयोगाचा पुढचा प्रवास गटाच्या अनुदानाची बाजू सांगतो. एका जिल्ह्यात, एका जोडप्याच्या झपाटलेपणातून जे साधलं ते दुसरीकडे साधेल का, ही शंका रास्त होती. महाराष्ट्रातल्या सात ठिकाणच्या स्वयंसेवी संस्थांना घेऊन ‘अंकुर’ प्रकल्प झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, पाच राज्यांत स्वतःची चाचणी घेतली. २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर नवजात बाळांच्या घरभेटी करू लागल्या. जन्मताना गुदमरलेलं, नंतर जंतुसंसर्गानं पिवळं पडलेलं बाळ वाचलं आणि धड वाचलं, तर एक मूल सेरेब्रल पाल्सीपासून, एक मूल बहिरेपणापासून वाचण्याची शक्यता असते, म्हणून ही गोष्ट अपंगत्वाच्या आढाव्यात येते. एकट्यानं शोधलं आणि गटानं तपासलं, हा क्रम इथं दिसतो. गट आधी बसला असता तर? दिल्लीतली कुठलीही समिती १९९३ साली गावातल्या अर्धशिक्षित बाईच्या हाती इंजेक्शन द्यायला धजली असती, असं मला वाटत नाही.

आता मोठ्या गटांनी लकव्यावर काय केलं ते पाहू. ‘अटेंड’ नावाची चाचणी भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली. तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. घरच्या माणसाला व्यायाम आणि देखभालीचं शिक्षण देऊन रुग्णाला घरी पाठवलं, तर सहा महिन्यांनी परावलंबन कमी होतं का, हा प्रश्न. म्हणजे तो दोरच, फक्त नीट शिकवलेला. उत्तर आलं की फरक पडत नाही. दोन्ही बाजूंना ४७ टक्के रुग्ण दगावले किंवा परावलंबी राहिले. पुढे आयसीएमआरच्या निधीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयांच्या जाळ्यानं ‘स्प्रिंट इंडिया’ चाचणी घेतली. ३१ केंद्रं आणि ४,२९८ रुग्ण होते. पुन्हा लकवा येऊ नये म्हणून छोटे संदेश, चित्रफिती आणि पुस्तिका दिल्या. तिथंही फरक दिसला नाही आणि चाचणी मुदतीआधी थांबवली.

हा पैसा वाया गेला असं म्हणणारे भेटतात. मी तसं म्हणणार नाही. शंभर रुग्णांच्या अभ्यासात ‘फरक नाही’ असं आलं तर त्याचा अर्थ लागत नाही, रुग्ण कमी होते असं म्हणून कुणीही सुटतो. साडेबाराशे रुग्णांवर आलेलं ‘नाही’ ठाम असतं. ते नसतं तर प्रत्येक जिल्ह्यात घरच्यांच्या प्रशिक्षणाची योजना निघाली असती आणि दहा वर्षं पैसा त्यात मुरला असता. असं ठाम ‘नाही’ मिळवायची ताकद फक्त गटात आहे. मात्र ते ‘नाही’ कुणाबद्दल आहे, हे विसरून चालत नाही. या चाचण्यांत रुग्णालयापर्यंत पोचलेलाच माणूस मोजला जातो. धानोऱ्याच्या त्या बाई चार दिवस दवाखान्यात राहिल्या, म्हणून त्या निदान त्या जगाच्या कडेला तरी आहेत. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातला माडिया म्हातारा पर्लकोटा दुथडी वाहत असताना पडला, तर त्याच्याबद्दल १४ रुग्णालयं काही सांगू शकत नाहीत.

कुष्ठरोगाकडे वळलं की हाच प्रश्न सत्तर वर्षांच्या अंतरावरून दिसतो. बाबा आमटे यांनी वरोऱ्याला १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती सुरू केली आणि आनंदवन उभं राहिलं. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये असताना कुष्ठाचे जंतू वाढवण्याच्या प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचं शरीर देऊ केलं होतं. एकट्यानं संशोधनात उतरणं म्हणजे काय, याचं याहून टोकाचं उदाहरण मला माहीत नाही. प्रयोग फसला, माणसाच्या अंगात जंतू असे मुद्दाम वाढत नाहीत. त्याच सुमारास वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड हा शल्यविशारद रुग्णांचे हात-पाय न्याहाळत बसला होता. बोटं कुष्ठानं सडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे चटके, जखमा, दाब कळत नाहीत आणि त्यातून बोटं झिजतात, हे त्यानं दाखवलं. वाकडी बोटं सरळ करायला स्नायूबंध वळवण्याच्या शस्त्रक्रिया तिथूनच आल्या. अपंगत्वाचं कारण सापडलं ते रोज त्याच पायांकडे पाहणाऱ्या माणसाला.

औषध मात्र तसं सापडलं नाही, सापडणं शक्यही नव्हतं. डॅप्सोन या जुन्या औषधाला जंतू दाद देईनासे झाले होते. कोणती औषधं, किती दिवस, किती मिळून द्यायची हे ठरवायला अनेक देशांतले दवाखाने एका शिस्तीत चालावे लागणार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमातून ते झालं. १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस झाली, आपला राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ पासून त्या मार्गानं गेला, आणि २००५ च्या डिसेंबरअखेर देशपातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं गेलं. तो गटाचा विजय होता, आणि निर्विवाद होता.

आणि मग पैसा निघून गेला. आजार ‘संपला’ म्हटल्यावर संशोधनाचा निधी आटतो, पण बधिर पाय बधिरच राहतात. चंद्रपूर आणि गडचिरोली आजही राज्यातल्या जास्त कुष्ठरुग्ण सापडणाऱ्या जिल्ह्यांत आहेत. बधिर पायांसाठी मऊ एमसीआर रबराची चप्पल मिळते. तिला खिळा मारायचा नसतो. पाय बधिर, खिळा वर आला तर कळतच नाही. वरोरा तालुक्यात एका बाबांच्या पायात मी अशी चप्पल पाहिली. पट्टा तुटला होता आणि बाजाराच्या दिवशी त्यांनी तो बसवून घेतला होता, दोन बारीक खिळ्यांनी. चप्पल उलटी केली तर एका खिळ्याचं टोक रबरात अर्धं रुतलेलं, अर्धं पायाच्या बाजूला. बाबांना काही कळलं नव्हतं. शेताच्या बांधावर, चिखलात, मोहफुलं वेचताना ही चप्पल किती महिने टिकते? पट्टा कशाचा असावा? गावात दुरुस्ती कशी व्हावी? या प्रश्नाला कोट्यवधी रुपये लागत नाहीत, वीस रुग्णालयंही लागत नाहीत. चामड्याचं काम जाणणारा कारागीर, एक अभियंता आणि तीन पावसाळे लागतात. १९६८ मध्ये जयपूरला डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांनी कृत्रिम पाय केला तो असाच, उकिडवं बसणाऱ्या आणि अनवाणी चिखलात उतरणाऱ्या माणसाकडे पाहून.

सिकलसेलची बात वेगळी आहे, आणि इथं मला माझं मत बदलावं लागलं. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात सिकलसेल आला. वाकलेल्या रक्तपेशी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तोडतात, शाळकरी पोराला लकवा आणतात, पंचविशीतल्या माणसाला तेंदूपत्त्याच्या फडीवर उभं राहू देत नाहीत. गडचिरोलीत आल्यावर बंग दाम्पत्यानं सुरुवातीलाच जे संशोधन केलं त्यात सिकलसेलचं होतं. आजार आहे हे सिद्ध झालं, पण लोकांना त्यातून काही मिळालं नाही, कारण तेव्हा देण्यासारखं फारसं नव्हतंच. डॉ. अभय बंग यांनी हा अनुभव पुढे वारंवार सांगितला आहे: लोकांवर संशोधन करणं वेगळं, लोकांसाठी आणि लोकांसोबत करणं वेगळं. एकट्याच्या अनुदानाच्या कैवाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. प्रश्न जवळून पाहिला म्हणजे तो लोकांचा होतोच असं नाही.

नंतर औषध आलं, हायड्रॉक्सीयुरिया. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याच्या कमी आणि ठरावीक मात्रेची चाचणी छापली. एकाच शहरातलं, छोटं काम. पण प्रश्न किती नेमका! अमेरिकेत मात्रा वाढवत वाढवत नेतात आणि वरचेवर रक्त तपासतात. सिरोंच्याच्या मुलाचं रक्त दर पंधरा दिवसांनी कोण तपासणार? मात्रा आधीच कमी ठेवली आणि ती पुरली, तर औषध जंगलात पोचू शकतं. उलट, ज्या मुलांच्या मेंदूत रक्ताचा वेग वाढलेला आहे त्यांना नियमित रक्त दिलं तर लकवा टळतो हे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ज्या चाचणीनं ठरवलं, तिला १३० मुलं गोळा करायलाही अनेक रुग्णालयं एकत्र यावी लागली. दुर्मीळ घटना मोजायची तर एका दवाखान्याचं आयुष्य पुरत नाही.

आणि आता चंद्रपुरात आयसीएमआरचं रक्तविकारांचं संशोधन, उपचार आणि नियंत्रण केंद्र आहे. मुंबईच्या राष्ट्रीय रक्तविकार संस्थेचं हे केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालं. पुढच्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. मोठा पैसा म्हणजे राजधानीचा पैसा, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. चंद्रपूरच्या केंद्रानं ते खोटं ठरवलं. मोठा पैसा जिल्ह्यात येऊन बसू शकतो. त्या केंद्राभोवती आता छोट्या प्रश्नांची अनुदानं उगवायला हवीत: खुबा दुखायला लागलेल्या पोरानं किती चालावं, शाळेत पाण्याची बाटली आणि लघवीला जायची मुभा मिळाली तर दुखण्याचे झटके कमी होतात का, सिकलसेलच्या कार्डाचा रंग पाहून जिचं लग्न मोडतं त्या मुलीचं काय होतं.

लाखोळीचा विषय थोडक्यात घेतो. धानानंतर बांध्यांत पेरली जाणारी ही डाळ पूर्व विदर्भाच्या ताटातली. ती फार खाल्ली, दुष्काळात तीच खाल्ली, तर पाय ताठ होतात, माणूस काठीवर येतो. १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध अनेक वर्षं एकाकी लढा दिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीत पाहणी केली, कृषी संशोधकांनी कमी विषाचे वाण काढले. इथं माणूस आणि संस्था एकमेकांशी भांडत पुढे गेले. मला ते आवडतं.

शेजारच्या गोव्यात पाहिलं तर दोन्ही वाटा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. मुलांच्या मेंदूविकासातल्या अडचणी मोजणारा देशातला मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आला. पाच ठिकाणची ३,९६४ मुलं त्यात होती आणि उत्तर गोवा हे त्यातलं एक ठिकाण. दोन ते नऊ वयाच्या साधारण आठातल्या एका मुलाला काही ना काही अडचण असल्याचा त्याचा अंदाज, पण जागोजागी आकडा इतका वेगळा की एका ठिकाणच्या अभ्यासावरून देशाचं चित्र काढलं असतं तर ते चुकलंच असतं. आदिवासी भाग म्हणून त्यात ओडिशाचं ढेंकानाल होतं. तिथल्या आकड्यावरून कोरचीच्या मुलाचा अंदाज बांधायचा का? दुसरीकडे १९९६ पासून गोव्यात काम करणारी ‘संगाथ’ संस्था डॉ. विक्रम पटेल यांच्यासारख्या एकेका माणसाच्या फेलोशिपवर वाढली आणि नंतर स्वमग्न मुलांच्या पालकांना घरी शिकवण्याची चाचणी तिनं गोवा आणि रावळपिंडी अशी दोन ठिकाणी मिळून घेतली. फेलोशिपमधून संस्था घडली, संस्थेतून गट.

जगाचा पुरावा काय सांगतो? कॅनडातल्या शास्त्रज्ञांच्या अनुदानांचा २०१३ मधला फोर्टिन आणि करी यांचा अभ्यास सांगतो की पैसा वाढतो त्या मानानं संशोधनाचा प्रभाव वाढत नाही. थोड्यांना खूप देण्यापेक्षा अनेकांना थोडं दिलेलं बरं. वू, वांग आणि इव्हान्स यांनी २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये साडेसहा कोटी निबंध, पेटंट आणि संगणकप्रणाली तपासून दाखवलं की छोटे चमू नवी वाट पाडतात, मोठे चमू असलेली वाट रुंद करतात. मला हे पटतं, पण जपून. दोन्हीकडे मोजमाप झालं ते निबंधांना मिळालेल्या संदर्भांचं. चपलेच्या पट्ट्यावरचा निबंध कोण संदर्भाला घेणार?

म्हणून मला अमेरिकेचं अपंगत्व-संशोधनाचं खातं जास्त शिकवून जातं. १९७८ पासूनची ही राष्ट्रीय संस्था दोन्ही तऱ्हेची अनुदानं शेजारी शेजारी देते. पाच वर्षांची मोठी केंद्रं, ज्यांचा विषय संस्था ठरवते. आणि साधारण तीन वर्षांची छोटी, ज्यांचा विषय संशोधक स्वतः आणतो. पण तिच्या खात्यात तिसरीही गोष्ट आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या उपचारकेंद्रांची साखळी तिथं १९७० मध्ये सुरू झाली आणि १९७३ पासून त्या रुग्णांची नोंद एकाच नमुन्यात, आजवर, चालू आहे. जखमी माणूस दहा वर्षांनी, वीस वर्षांनी कसा आहे, नोकरीत आहे का, पाठीला जखमा आहेत का, हे त्यातून कळतं. अपंगत्व हे पाच वर्षांत संपणारं दुखणं नाही, म्हणून त्याचं संशोधनही पाच वर्षांच्या तुकड्यांत मावत नाही. गडचिरोलीच्या ८६ गावांची वही आणि ही अमेरिकी वही एकाच जातीच्या आहेत.

आपल्याकडचे नियम मात्र या तिसऱ्या गोष्टीला ओळखत नाहीत. आयसीएमआर आता दोन कोटींपर्यंतची छोटी आणि दोन ते आठ कोटींची मध्यम अनुदानं, शिवाय प्रगत संशोधनाची केंद्रं असे वेगवेगळे गट करते. इंडिया अलायन्सनं फेलोशिपबरोबर चमूंची अनुदानंही सुरू केली. २०२३ च्या कायद्यानं आलेलं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान मोठ्या विद्यापीठाभोवती छोटी विद्यापीठं बांधू पाहतं. रकमेवर विचार झाला आहे, माणसांच्या संख्येवर झाला आहे. मुदतीवर जवळजवळ नाही. आणि छोट्या संस्थेला दारातच अडायला होतं. सरकारी अनुदान मागणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला संशोधन संस्था म्हणून मान्यता हवी, नैतिकता समिती हवी, हिशेबनीस हवा. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनं तर गटाच्या अनुदानाचा कणाच मोडला: परदेशी देणगी घेणारी संस्था ती दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासनाचा खर्च ५० ऐवजी २० टक्क्यांवर आला. पुण्या-मुंबईच्या संस्थेनं परदेशी निधी आणून आरमोरीच्या छोट्या संस्थेला त्यातला वाटा द्यावा, ही वाट बंद झाली. गट कागदावर उरतो आणि जिल्ह्यातली माणसं त्याचे नमुने गोळा करणारे हात होतात.

एका मोठ्या प्रकल्पासाठी गावोगाव फिरलेल्या एका आशाताईंनी मला त्यांची पिशवी दाखवली होती. दीडशे घरांचे अर्ज भरले, अंगठे घेतले, कागद पाठवले. “मग काय निघालं, भाऊ?” त्यांनी मला विचारलं. निष्कर्ष छापून येऊन वर्ष झालं होतं आणि त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

माझी मागणी साधी आहे. चंद्रपूरच्या केंद्राच्या, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि गोंडवाना विद्यापीठाच्या आधारानं दोन्ही जिल्ह्यांत काही गावांची कायमची वही सुरू करावी. जन्म-मृत्यूबरोबर उठता न येणारं, ऐकू न येणारं, खुबा दुखणारं माणूस तिच्यात यावं, आणि दरवर्षी त्याच्याकडे पुन्हा जाणं व्हावं. तिचा खर्च कुठल्याही प्रस्तावाच्या मुदतीला बांधू नये. त्या वहीवर उभं राहून प्रश्न विचारायला तरुण डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, कारागीर, आणि स्वतः दिव्यांग असलेल्या माणसांना छोटी पण लांब मुदतीची अनुदानं द्यावीत. तीन वर्षांची नव्हे, सात वर्षांची. आणि देशभरच्या गटाला पैसा देताना त्यातलं एक ठिकाण असं असावं, जिथं रुग्णालय दिवसभराच्या वाटेवर आहे आणि जिथल्या संस्थेचा पैसा तिच्याच खात्यात येतो. या क्रमानं खर्च केला तर एकटा की गट हा वाद बराचसा मिटतो. वही नसेल तर दोघांनाही दिलेला पैसा तीन-पाच वर्षांनी जंगलात विरून जातो, हे आपण पाहिलं आहे.

दिवाळीनंतर मी पुन्हा धानोऱ्याकडे गेलो. बाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, एका हातानं तांदूळ निवडायचं सूप धरून. दोर अजून तिथंच होता. गाठी चारच का बांधल्या, असं मी त्यांच्या घरधन्यांना विचारलं. ते बाजेवर बसले आणि खालून वर बोट नेत सांगू लागले. ही मिरगातली, तेव्हा हात इथपर्यंतच पोचत होता. ही पोळ्याची. ही दसऱ्याची. चौथी त्यांनी आधीच बांधून ठेवली होती, सगळ्यात वर, मयालीच्या जवळ. तिथं हात अजून पोचला नव्हता.